वहीच्या आधी

जून आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी जेवणाच्या, झोपेच्या, हट्टाच्या तक्रारी असतात. जूनमध्ये सगळ्यांची गाडी लिहिण्या-वाचण्यावर येऊन थांबते. या महिन्यासाठी पाच पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय. मी कराड तालुक्यातल्या एका गावात १९८६ ते २०१९ बालवाडी चालवली. त्या एका खोलीत जे पाहिलं, तेच बहुतेक उत्तरांत येईल.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे, ज्युनिअर केजीत जातो. रोज दोन पानं ठिपक्यांवरून गिरवायचा अभ्यास असतो. पहिली ओळ झाली की हात दुखतो म्हणतो, मग रडतो, पेन्सिल फेकतो. मॅडम म्हणाल्या, 'रायटिंगमध्ये मागे आहे, घरी प्रॅक्टिस घ्या.' माझ्या जावेची मुलगी याच्याच वयाची, ती स्वतःचं नाव लिहिते. हा बोलायला लागला की थांबत नाही, पण वही काढली की याच्या पोटात दुखतं. मी कुठे कमी पडतेय? – एक आई, चिंचवड

उत्तर : तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाही, आणि तो मागे नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. 'हात दुखतो' असं तो म्हणतो ना, ते शब्दशः खरं धरा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक असतात, आणि एकेक करत पक्की व्हायला दहा-बारा वर्षं जातात. सव्वाचार वर्षांच्या मुलाचं मनगट अजून कच्चं आहे. बोटं लवकर दमतात, मग तो पेन्सिल मुठीत धरतो आणि सगळा जोर खांद्यातून लावतो. त्यात दोन पानं!

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पालकांना 'अक्षर दिसलं पाहिजे' म्हणून मी जूनपासून पाट्या वाटल्या. एक मुलगा 'ग' काढताना इतका जोर द्यायचा की पाटीवरची पेन्सिल मोडायची. तीन दिवस मोडली. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. घरी गेले तर आई म्हणाली, 'पेन्सिल मोडली की बाई रागावतील म्हणतोय.' मी एकदाही रागावले नव्हते. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी त्याला दिसलं असणार. पुढच्या वर्षीपासून दिवाळीपर्यंत पाट्या कपाटातच ठेवल्या. पालक कुरकुरले. मी ऐकून घेतलं.

हाताला काम द्या, फक्त ते वहीतलं नको. मटार सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, कणकेचा गोळा मळायला द्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायला द्या. आणि रांगोळी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ज्या तीन बोटांत पुढे पेन्सिल धरायची, त्याच तीन बोटांच्या चिमटीतून रांगोळी सुटते. पहिले आठ दिवस ढीग पडेल, मग रेघ पडायला लागेल. दारात सांडली तर सांडू द्या. माझ्या बालवाडीत पावसाळ्यात रांगोळी ओली व्हायची म्हणून आम्ही बारीक वाळू चाळून ठेवायचो. ती रेघ बघून मला कळायचं की आता याचा हात तयार झाला.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. 'हा बोलायला लागला की थांबत नाही.' ही त्याची कमाई आहे आणि लिहिणं याच कमाईवर उभं राहणार आहे. त्याने चित्र काढलं की विचारा, 'यात काय चाललंय?' तो जे सांगेल ते त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली लिहा. 'कुत्र्याने माझी चप्पल पळवली आणि बाबा पळाले.' मग बोट ठेवत वाचून दाखवा. संध्याकाळी बाबा आले की त्यांना वाचायला लावा. आपण सकाळी तोंडाने बोललो ते संध्याकाळी दुसऱ्याच माणसाने कागदावरून ओळखलं, हे बघून मुलं अक्षरशः थक्क होतात. लिहायचं कशासाठी, हे गिरवण्याची शंभर पानं सांगत नाहीत, ते त्या एका ओळीतून कळतं.

किराण्याला जाण्याआधी त्यालाही एक पाठकोरा कागद द्या. तुमची यादी तुम्ही लिहा, त्याची त्याला लिहू द्या. नागमोडी रेघा काढेल. हसू नका, दुरुस्त करू नका, दुकानात गेल्यावर 'तुझ्या यादीत काय आहे, वाच बरं' म्हणा. बालवाडीत दवाखाना-दवाखाना खेळताना एका मुलाने मला औषधाची चिठ्ठी दिली होती. वर दोन नागमोडी रेघा, मध्ये एक गोल, खाली जोरात ओढलेली तिरकी रेघ. 'यात काय लिहिलंय?' म्हटलं. म्हणाला, 'दोन गोळ्या सकाळी, एक रात्री. आणि ही माझी सही.' एकही अक्षर न येणाऱ्या त्या मुलाला एवढं कळलेलं होतं की कागद काहीतरी सांगतो, वरून खाली सांगतो, आणि सही शेवटी येते. पुढच्या जूनमध्ये तो अक्षरं शिकला तेव्हा त्याला ती ठेवायला जागा तयार होती.

जावेच्या मुलीचं कौतुकच करा. पण चार वर्षांचं मूल नाव लिहितं ते पुष्कळदा घर किंवा सूर्य काढावा तसं चित्र म्हणून काढतं. त्यातलं पहिलं अक्षर वेगळं लिहून दाखवलं तर ओळखेलच असं नाही. दोघांची तुलना त्यावरून होत नाही.

मॅडमशी भांडू नका, त्यांच्यावरही वरून दडपण असतं. डायरीत लिहा : 'एक ओळ झाल्यावर त्याचा हात दुखतो. आम्ही घरी रोज एक ओळ आणि एक चित्र करून घेऊ. चालेल का?' बहुतेक बाई हो म्हणतात. नाही म्हटलं तरी तुम्ही घरी एकच ओळ घ्या. अपुरी वही गेली तर काही बिघडत नाही, हे मी जबाबदारीने लिहिते.

प्रश्न : मुलगा तीन वर्षं पूर्ण. 'आई', 'पाणी', 'दे', 'गाडी' असे पंधरा-वीस शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही. घरचे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, त्याचा काकाही चौथ्या वर्षी बोलला. थांबावं का? – एक वडील, लातूर

उत्तर : थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास मुलं 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडायला लागतात, आणि तीन पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या माणसालाही त्यांचं बरंचसं बोलणं कळतं. काकांचं ठीक झालं, आनंद आहे. पण तसंच याचंही होईल हे घरबसल्या ठरवता येत नाही.

पहिली तपासणी कानांची. पाठीमागून हळू आवाजात हाक मारल्यावर वळतो म्हणजे ऐकू येतं, यावर विसंबू नका. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठतं, आवाज पोचतो पण बुडून ऐकल्यासारखा पोचतो आणि शब्दांतले बारीक फरक निसटतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीला आम्ही सहा महिने 'लक्ष देत नाही' म्हणत राहिलो. तिला एका कानाने जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. ते सहा महिने मला आजही टोचतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची मोफत तपासणी होते. तुमच्या अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतील. मुंबईला येणं शक्य असेल तर वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि तपासणीची तारीख येईपर्यंत त्याला फोनवरची गाणी लावून बसवू नका. फोन त्याच्या 'दे'ला उत्तर देत नाही. तुम्ही द्या : 'गाडी देऊ? लाल गाडी देऊ? घे, लाल गाडी.' तपासणीत काय निघालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न : नात साडेतीन वर्षांची आहे. मुलगा-सून नोकरीवर जातात, ती दिवसभर आमच्याकडे असते. मी निवृत्त शिक्षक, हायस्कूलला गणित शिकवायचो. तिच्याकडून 'क' ते 'ज्ञ' पाठ करून घेतलं आहे, भिंतीवर तक्ता आहे, तक्त्यावर सगळं बरोबर सांगते. पण तेच अक्षर वर्तमानपत्रात दाखवलं की ओळखत नाही. आता बाराखडी सुरू करावी का? दुसरं म्हणजे, तिला रोज तेच ते एक पुस्तक वाचून हवं असतं. त्याचा काही उपयोग होतो का? – एक आजोबा, मिरज

उत्तर : सर, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. तेच पुस्तक शंभर वेळा वाचा. तिला गोष्ट पाठ झाली असेल, तर आता मध्येच थांबा. 'आणि मग ससा...' म्हणून गप्प बसा, पुढचं ती म्हणेल. ओळीखालून बोट फिरवा, फार मुद्दाम नको, सहज. एक दिवस ती पुस्तक मांडीवर घेऊन बाहुलीला वाचून दाखवेल. अक्षर एकही येत नसताना पानं बरोबर जागी उलटेल, तुमच्यासारखा आवाज काढेल, संपलं की मिटून ठेवेल. 'हे काही खरं वाचन नाही' असं कुणी म्हणालं तर मानू नका. पुस्तकातली भाषा आपल्या बोलण्यातल्या भाषेपेक्षा वेगळी असते. घरात कुणी 'तेवढ्यात झुडपाआडून एक कोल्हा आला' असं बोलत नाही. ती वाक्यं तिच्या तोंडात बसताहेत. पुढे तिसरी-चौथीत धडा वाचून कळतो की नुसता वाचता येतो, हा फरक इथून पडतो.

आता तक्ता. आमच्या बालवाडीतही होता. 'ए एडक्याचा.' एक मुलगी रोज धडाधड म्हणायची. एकदा मी पाटीवर नुसता 'ए' काढून विचारलं, तर म्हणाली, 'बकरी.' तिने कधीच अक्षराकडे पाहिलं नव्हतं, चित्राकडे पाहिलं होतं. आणि ते चित्र एडक्याचं आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, कारण तिच्या घरी त्याला कुणी एडका म्हणत नाही. ऐरणीचं, औताचं तसंच. मिरजेतल्या मुलीने ऐरण कुठे पाहावी? तुमची नात तक्ता बरोबर सांगते म्हणजे तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. अक्षरओळख अजून व्हायची आहे.

त्याच्या आधी कान तयार व्हायला हवा. शब्दाचे तुकडे होतात हे मुलांना आपोआप कळत नाही. टाळ्यांनी सुरू करा : 'आ-जो-बा' तीन टाळ्या, 'मि-रज' दोन. घरातल्या सगळ्यांची नावं वाजवा. मग पहिला आवाज : 'मी अशी वस्तू बघतोय जिची सुरुवात 'पा'ने होते.' पाणी, पातेलं, पाट. मग शेवटचा आवाज, तो जास्त अवघड. जिन्यावरून उतरताना शब्दांच्या भेंड्या खेळा. यात वही-पेन्सिल लागत नाही, आणि तुमच्याकडे दिवसभराचा वेळ आहे, जो तिच्या आईबापांकडे नाही.

कान तयार झाला की मुलं काय ऐकतात, ते सांगते. एकदा 'च'वरून शब्द मागितले. चाक, चमचा, चांदणी आलं. एकाने चिमणी म्हटलं, तर एक साडेपाच वर्षांची मुलगी उठून म्हणाली, 'बाई, त्यातला च नाही हा. चिमणीचा च वेगळाय.' अगदी बरोबर होतं तिचं! चाक म्हणताना जीभ दातांकडे जाते, चिमणी म्हणताना टाळूला चिकटते. मराठीत दोन्हींना एकच अक्षर आहे, म्हणून आपण मोठी माणसं तो फरक ऐकायचंच विसरलो. तिने पुस्तकात वाचलं नव्हतं, कानाने पकडलं. अशा मुलीला अक्षर शिकवायला किती दिवस लागणार? मी त्या दिवशी सगळ्यांना आरशासमोर उभं करून 'चाक-चिमणी, जाळं-जीभ' म्हणायला लावलं. दीड तास त्यातच गेला.

मग बाराखडी? आत्ता नको, आणि नंतरही ओळीने नको. 'क का कि की' पाठ केलं तर पुन्हा तक्त्यासारखंच होईल. चार-साडेचार वर्षांची झाली, तिने स्वतः 'हे काय लिहिलंय?' विचारायला सुरुवात केली, की तिच्या नावातल्या अक्षरापासून सुरू करा. त्यानंतर अशी अक्षरं घ्या ज्यांचे लगेच शब्द होतात. क, म, र आणि काना, एवढ्यावर काका, मामा, काम, कर, मार, राम, रमा इतकं वाचता येतं. 'मामा, काम कर' हे आख्खं वाक्य होतं. ल घातला की मला, काल, लाल, कमल. तुम्ही गणिताचे आहात, चार चिन्हांतून किती शब्द निघतात हे तुम्हालाच जास्त चांगलं मांडता येईल. ङ आणि ञ यांना मुलीच्या आयुष्यात घाई नाही. ऱ्हस्व वेलांटी उशिरा घ्या. ती कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, 'दिवा' वाचताना मुलं तिथे हमखास अडखळतात. त्यात मुलाची चूक नसते, लिपीच तशी आहे.

तक्ता काढून टाकू नका, तिचा लाडका असेल. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावा आणि तिच्या घरातल्या वस्तूंची चित्रं तिच्याकडूनच काढून घेत नवा तक्ता करा.

प्रश्न : मी मराठी, नवरा तमिळ, राहतो बेंगळुरूला. बाहेर कन्नड, शाळा इंग्रजी. मुलगी चार वर्षांची. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. शाळेतून सुचवलं, गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. – एक आई, बेंगळुरू

उत्तर : तुम्ही मराठीच बोला, नवऱ्याला तमिळ बोलू द्या. चार भाषांत वाढणारी मुलं एका वाक्यात दोन भाषा मिसळतात, तो गोंधळ नसतो. जो शब्द आधी हाताशी येतो तो ती वापरतात. तुमची मुलगी मराठी समजते म्हणूनच तर इंग्रजीत बरोबर उत्तर देते. 'मराठीत बोल' असा धाक घालू नका, तिचंच वाक्य मराठीत म्हणून पुढे बोला.

तिला मराठीची गरज पडेल असं एखादं माणूस हवं. आजी असेल तर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर चिऊ-काऊची गोष्ट. शेणाचं घर वाहून गेलं आणि काऊ दार वाजवतोय, 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' हे आजीने अर्धं म्हणायचं आणि थांबायचं. उरलेलं नातीला म्हणावंच लागतं, आणि ते इंग्रजीत म्हणता येत नाही. मराठी चित्रपुस्तकं आता घरपोच मिळतात. वाचताना भाषांतर करू नका, मराठीच वाचा, चित्र अर्थ सांगतं. मराठी अक्षरं पुढे पाच-सहा वर्षांची झाल्यावर शिकवा.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पटावर २८ मुलं आहेत, तीन ते सहा वर्षांची. सगळी अहिराणी बोलतात. काही मला 'माले पानी पायजे' म्हणतात, मी 'मला पाणी पाहिजे म्हण' असं सांगते, मग ती बोलायचीच थांबतात. पालक म्हणतात, शुद्ध शिकवा, एबीसीडी शिकवा, नाहीतर गावातल्या इंग्लिश मीडियमला घालतो. पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरची माहिती भरणं यात निम्मा दिवस जातो. गोष्टीची पुस्तकं सात-आठ आहेत, तीही फाटलेली. कुठून सुरू करू? – एक सेविका, धुळे जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'मग ती बोलायचीच थांबतात' हे तुम्ही पाहिलंत आणि लिहिलंत, यातच अर्धं काम झालं. पुष्कळांना ते दिसतही नाही.

तुमच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव कुठून आलं, ते तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल, तरी पुन्हा सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यावर नेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरवली. ती अंगणवाडी. साधनं म्हणून आजूबाजूच्या बिया, खडे, पानं, शिंपले. पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. मुलं जिथे आहेत तिथे आपण जायचं, ही मूळ गोष्ट. भाषेलाही ती तशीच लागू आहे. तुमची मुलं अहिराणीच्या अंगणात आहेत, तुम्ही तिथे जा.

'माले पानी पायजे' हे पूर्ण, बिनचूक वाक्य आहे. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. त्यात चूक शोधली की मुलाला वाटतं, आपली आई चुकीचं बोलते. मूल म्हणालं, 'मना बाप वावरमा गया', तर म्हणा, 'हो? तुझे बाबा शेतात गेले? वावरात काय पेरलंय रे?' दोन्ही शब्द त्याच्या कानावर पडले, कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही आणि गप्पा पुढे गेल्या. सहा वर्षांची होऊन ती पहिलीत जातील तेव्हा पुस्तक प्रमाण मराठीत असणार आहे, त्यामुळे 'शेत' हा शब्दही त्यांना आपला वाटला पाहिजे, यात शंका नाही. पण तो 'वावर'च्या शेजारी येऊन बसावा, त्याला हुसकावून नको. तुम्हाला स्वतःला अहिराणी येत असेल तर सकाळच्या गप्पा सरळ अहिराणीतच घ्या.

पालकांना काय सांगायचं? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि मुलाच्या घरच्या भाषेवर भर दिला आहे, हे सांगा. सरकारी कागदाचं वजन पडतं. पण पालक कागदाने पटत नाहीत, मूल काय करतं ते बघून पटतात. म्हणून पुढचं करून बघा.

घरोघरी जुनी कॅलेंडरं असतात. गृहभेटीला गेलात की मागून आणा. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं तर अठ्ठावीस मुलांना बसल्या जागेवरून दिसतं. रोज चार मुलांना विचारा, 'काल काय झालं?' प्रत्येकाचं एक वाक्य, त्याच्याच बोलीत, त्याच्या नावासकट लिहा. 'आम्हनी गाय व्यायनी' म्हणाला तर तसंच लिहा. खाली तो चित्र काढेल. सगळ्यांनी मिळून बोट ठेवत वाचायचं. सात दिवसांत अठ्ठावीस पानं होतात, सुई-दोऱ्याने शिवली की पुस्तक झालं. फाटकी सात-आठ पुस्तकं होती, त्यात न फाटलेलं एक आलं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाचं तरी आहे. मदतनीस ताईंना वाचता येत असेल तर आहार वाढण्याआधीच्या दहा मिनिटांत त्यांनाही ते वाचायला द्या. माता बैठकीला मुलाला पुढे बोलवा आणि त्याचं पान वाचू द्या. पाठ असेल, म्हणून काय झालं? आपला चार वर्षांचा मुलगा उभा राहून कागदावर बोट ठेवतोय, त्यातून घरची गाय बाहेर येतेय, हे त्या आईला दिसू द्या. इंग्लिश मीडियमचा विषय त्यानंतर काढा.

मुलांचं बोलणं आपण कशाला लिहायचं, असं कुणी पर्यवेक्षिकेने विचारलं तर खानदेशातलंच उदाहरण द्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर, आपल्या बोलीत म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी ते उतरवून ठेवलं, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, ते छापून आलं आणि आज सगळा महाराष्ट्र वाचतो. लिहून घेणारं कुणी घरात नसतं तर?

वेळेचं मला कळतं. सगळं जमणार नाही. वजनाच्या दिवशी गप्पा राहतील, माहिती भरायच्या दिवशी गोष्ट राहील. रोज चार वाक्यं तेवढी सोडू नका, त्याला वीस मिनिटं लागतात. एबीसीडीचा एक तक्ता पालकांच्या समाधानासाठी लावा, माझी हरकत नाही.

एक विनंती. पहिलं पुस्तक शिवून झालं की त्यातल्या एका पानाचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. वाक्य अहिराणीतच राहू द्या, 'शुद्ध' करून पाठवू नका. मुलाचं नाव झाकून पुढच्या अंकात या सदरात छापू.